बंबाचा धूर आणि कॅलेंडरवरच्या फुल्या

आमच्या घरात कॅलेंडरचा उपयोग तारीख बघायला सगळ्यात कमी होतो. चौकोनात आधी दुधाचा हिशेब. सकाळी किती घातलं, संध्याकाळी किती, फॅट किती लागली. मग सिलिंडर कधी जोडला, भिशीचा नंबर कुणाचा लागला, म्हैस कधी भरवली. आणि चौकोनाच्या एका कोपऱ्यात लाल पेनानं फुली. गावात किंवा पै-पाहुण्यांत कुणी गेलं की ती फुली पडते. ही पद्धत आत्तींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. त्यांना लिहायला येत नव्हतं, म्हणून फुली. रक्षाविसर्जनाला कुठं जायचं, दिवसकार्य कधी आलं, हे चुकायला नको एवढाच हेतू.

मी जुनी कॅलेंडरं टाकत नाही. गुंडाळी करून माळ्यावर ठेवते. दिवाळीच्या झाडलोटीत अकरा वर्षांची गुंडाळी खाली आली आणि काम सोडून मी तीच बघत बसले. २०२२ च्या डिसेंबरात एक फुली आहे, ती मी मारलेली नाही. माझ्या धाकट्या जावेनं मारली आहे. ती आत्तींची.

आमचं गाव बिद्री. कोल्हापूरहून गारगोटीला जाताना लागतं, तालुका कागल. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यामुळं गावाचं नाव ऊसवाल्या सगळ्या मुलखाला माहीत आहे. हंगाम सुरू झाला की इथली हवाच बदलते. उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालू, तोडणीच्या टोळ्यांच्या पालांपुढं तीन दगडांच्या चुली, कुठं गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलेलं, कुठं फडातला पाला पेटवून दिलेला. आणि घराघराच्या दारात बंब. आता हा बंब म्हणजे काय ते आमच्या भागातल्या बायकांना सांगायला नको. पितळेचा नाहीतर तांब्याचा, मधल्या नळीत जळण घालायचं, भोवती पाणी. जळण काय? काटक्या, शेणी, चिपाडं. आणि पेटत नसलं की प्लॅस्टिकची पिशवी. खोटं कशाला बोलू, मीही घातली आहे.

आत्तींना थंडीत बंबाजवळ बसायची सवय. पहाटे पाचला उठून बंब पेटवायचा, तिथंच पाटावर बसून मिश्री लावायची, शेकत बसायचं. वय एकाहत्तर. ब्लडप्रेशरची गोळी चालू होती. त्या दिवशी धूर वर जातच नव्हता. नदीकडून धुकं आलेलं, शेजारच्या रानात आदल्या संध्याकाळी पाला पेटवलेला, तो रात्रभर धुमसत होता. अंगणात उभं राहिलं तरी डोळे चुरचुरत होते. आठच्या सुमाराला त्या म्हणाल्या, ‘छातीवर कायतरी ठेवल्यागत वाटाय लागलंय गं.’ गाडी मिळेपर्यंत, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दाखल्यावर कारण आलं, हृदयक्रिया बंद पडून. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोण मरतं, असा प्रश्न मला त्या वेळी पडला होता, पण विचारणार कुणाला?

भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, ‘थंडीत म्हातारी माणसं जात्यातच बाई. पिकलं पान.’ मीही तेच म्हणाले असते.

पण कॅलेंडरं मांडीवर घेऊन बसले तेव्हा राहवेना. फुल्या मोजायला लागले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने वर्षाचा तिसरा हिस्सा. फुल्या मात्र तिसऱ्या हिश्श्यापेक्षा स्पष्ट जास्त. मला वाटलं, सापडलं! पुतणी शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते, ती सुट्टीला आली होती. तिला बोलावलं. ती आमच्या कोल्हापूरच्या पोरींसारखीच, स्वतःबद्दल ‘आलो, गेलो’ म्हणणारी. म्हणाली, ‘काकी, मी सांगतो, यातनं काहीच सिद्ध होत न्हाई.’

का नाही? तर म्हणे, थंडीत धूर असतो तशीच थंडीही असते. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, सर्दी-पडसं, न्यूमोनिया वाढतो. मग तुमची फुली थंडीची की धुराची, कसं ओळखायचं? शिवाय एका गावात महिन्याला जाऊन जाऊन माणसं किती जाणार? दोन, चार. एखाद्या वर्षी जास्त, एखाद्या वर्षी कमी. एवढ्याशा आकड्यांतून कुठलंच कारण वेगळं काढता येत नाही. मी थोडी हिरमुसलेच. पण मग तिनं मला समजावून सांगितलं की जगात हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर कसा करतात. माझ्या कॅलेंडरसारखंच. फक्त गाव एक नाही, शेकडो शहरं. आणि फुल्या डझनावारी नाहीत, लाखांनी. तेव्हापासून मी जे वाचलं, तिला विचारून विचारून समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढं ठेवते आहे. मैत्रिणींनो, जरा आकडे येतील. दुधाच्या फॅटचा हिशेब ज्यांना कळतो त्यांना हेही कळेल.

आधी धुरात आहे काय ते. डोळ्यांना दिसते ती काजळी, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते ती, ती मोठी असते. ती नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. खरा त्रास न दिसणाऱ्या कणांचा. त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. आपल्या डोक्यावरचा केस घ्या, त्याच्या जाडीचे पंचवीस-तीस भाग करा, त्यातल्या एका भागाएवढा हा कण. नाकातले केस, घशातला ओलावा, कशालाच तो अडकत नाही. थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातो. त्यातले अगदी बारीक तर रक्तातही शिरतात. फुप्फुसाला सूज येते, ती सूज रक्ताला कळते, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाचा ठेका बिघडू शकतो. म्हणून या धुरानं जाणाऱ्यांमध्ये खोकून खोकून जाणारेच नसतात. हार्टअॅटॅकनं आणि लकव्यानं जाणारे पुष्कळ असतात. आणि हे व्हायला वर्षं लागतातच असं नाही. ज्याचं हृदय आधीच दमलेलं आहे, त्याला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हा धक्का बसू शकतो.

हे जगाला पहिल्यांदा ठळकपणे कळलं ते लंडनमध्ये. १९५२ साली डिसेंबरच्या ५ ते ९ तारखेला तिथं वारा थांबला, थंडी पडली, घरोघरच्या शेगड्यांतला दगडी कोळशाचा धूर शहरावर बसून राहिला. स्वतःचे पाय स्वतःला दिसेनात. गुरांचं प्रदर्शन भरलं होतं, त्यातली जनावरं मेली. माणसं किती मेली हे मात्र त्या पाच दिवसांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्याच्या घरचा गेला त्याला तेवढाच माहीत. शवपेट्या मिळेनाशा झाल्या, फुलं संपली, तेव्हा लोक चपापले म्हणतात. नंतर नोंदी एकत्र केल्या तर नेहमीपेक्षा चार हजार मृत्यू जास्त निघाले. पुढच्या आठवड्यांतही मृत्यू चढेच राहिले, त्याचं खापर सरकारनं फ्लूवर फोडलं. पन्नासेक वर्षांनी संशोधकांनी पुन्हा हिशेब मांडला आणि आकडा बारा हजारांच्या आसपास गेला. तिथं १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला.

लंडनचं ठीक आहे, तो प्रलयच होता. पण रोजच्या साध्या धुराचं काय? इथं मला अमेरिकेतली एक हकिकत फार जवळची वाटली, कारण ती एका कारखान्यावर जगणाऱ्या भागाची आहे. युटा नावाच्या राज्यात डोंगरांच्या मध्ये एक खोरं आहे. तिथं पोलादाची गिरणी होती. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मालक-कामगारांचा वाद होऊन ती बंद पडली, ती १९८७ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. मध्ये एक आख्खा हिवाळा बिनधुराचा गेला. तिथल्या विद्यापीठात आर्डेन पोप नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. डॉक्टर नव्हेत बरं का! त्यांनी दवाखान्यांची रजिस्टरं काढली. गिरणी चालू असलेल्या हिवाळ्यांत दम्यानं, खोकल्यानं दवाखान्यात भरती झालेली मुलं ही बंद हिवाळ्यापेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त होती. थंडी दोन्हीकडं होतीच. म्हणजे पुतणीनं मला टाकलेला पेच तिथं आपोआप सुटला. पुढं १९९२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच खोऱ्यातल्या रोजच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. हवेत कण वाढले की पाठोपाठ त्याच आठवड्यात मृत्यूही वाढत होते.

आता हे सांगून मी कुठल्या धुराड्याकडं बोट दाखवते आहे असं कुणी समजू नये. ऊस आमचाही जातो, बिल आमच्याही खात्यावर येतं, त्याच बिलातून पुतणीची फी भरली जाते. आणि आमच्या अंगणात त्या सकाळी जो धूर होता, त्यातला किती बंबाचा, किती पाल्याचा, किती रस्त्यावरचा, हे कुठं लिहिलेलं नाही. सांगायचं एवढंच, की धूर कमी झाला तर माणसं कमी आजारी पडतात, हे एकदा नाही, अनेकदा दिसलेलं आहे. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात १९९० साली धूर करणारा कोळसा विकायला बंदी झाली. श्वसनाच्या रोगांनी होणारे मृत्यू त्यानंतर घटले. हृदयरोगाचेही घटले असं आधी सांगितलं गेलं, पण पुन्हा तपासणी केली तेव्हा ती घट इतर ठिकाणीही होतच होती असं दिसलं आणि तो दावा त्यांनी मागं घेतला. मला हे आवडलं. आपली चूक आपणच सांगणाऱ्याच्या बाकीच्या हिशेबावर विश्वास बसतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातही असंच झालं. नव्वद शहरांच्या अभ्यासात संगणकाच्या प्रोग्रॅममुळं आकडा फुगला होता, हे त्यांना २००२ मध्ये कळलं. त्यांनी स्वतः ते जाहीर केलं, हिशेब नव्यानं केला. आकडा उतरला, पण शून्यावर आला नाही.

तर रोजच्या मृत्यूंचा हा हिशेब करतात कसा? युक्ती साधी आहे. एका शहराची दुसऱ्या शहराशी तुलना करायचीच नाही. इथले लोक गरीब, तिथले श्रीमंत, इथं बिड्या जास्त, तिथं कमी, अशी भांडणं त्यातून निघतात. त्यापेक्षा त्याच शहराची त्याच शहराशी तुलना करायची. सोमवारी धूर जास्त होता, गुरुवारी कमी होता. सोमवार ते गुरुवारात गावातले बिडी ओढणारे काही वाढत नाहीत, गरिबीही बदलत नाही. बदलते ती हवा. थंडी-ऊन, वार, ऋतू यांचा वाटा गणितानं वेगळा काढायचा. जसं दुधात पाणी किती ते लॅक्टोमीटर सांगतो तसं. मग उरतो तो धुराचा वाटा. आणि यात मृत्यूचं कारण दाखल्यावर काय लिहिलंय याची गरजच नाही, नुसता त्या दिवशीचा एकूण आकडा पुरतो. आपल्या देशात हे फार महत्त्वाचं, कारण नोंदवलेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकालाच डॉक्टरनं तपासून कारण लिहिलेलं असतं. त्यातही घरी जाणाऱ्या बायांच्या वाट्याला ते कितीसं येणार?

२०१९ मध्ये २४ देशांतल्या ६५२ शहरांचा असा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हवेच्या एका घनमीटरमध्ये हे बारीक कण दहा मायक्रोग्रॅमनं वाढले, की दोन दिवसांत मृत्यू ०.६८ टक्क्यांनी वाढतात असं त्यात दिसलं. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आकडा ऐकून तुम्ही म्हणाल, अर्धा-पाऊण टक्का, त्यात काय एवढं! मीही तेच म्हटलं होतं. पुतणी म्हणाली, ‘थांबा, आपला अजून यायचा हाय.’

आपला आला २०२४ च्या जुलैमध्ये. लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ या नियतकालिकात. भारतातली दहा शहरं, त्यात आपली मुंबई आणि पुणे. २००८ ते २०१९ या काळातल्या सुमारे ३६ लाख मृत्यूंच्या नोंदी, पालिकांच्या मृत्यू रजिस्टरांतून घेतलेल्या. त्यात दहा मायक्रोग्रॅमला १.४२ टक्के वाढ निघाली. म्हणजे जगाच्या दुप्पट. या दहा शहरांत वर्षाला सुमारे ३३ हजार मृत्यू जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या कणांमुळं होतात, असा अंदाज त्यांनी काढला. एकूण मृत्यूंच्या ते ७.२ टक्के. मुंबईत वर्षाला ५१०० च्या आसपास, पुण्यात १४०० च्या आसपास.

पण मला हलवून सोडलं ते यापुढच्या गोष्टीनं. दहा मायक्रोग्रॅमला दिल्लीत वाढ होती ०.३१ टक्के. आणि बंगळुरूत ३.०६ टक्के. म्हणजे जिथली हवा तुलनेनं बरी, तिथं तेवढाच धूर वाढला तर मृत्यू जास्त वाढतात! हे कसं? त्याचा अर्थ दिल्लीकरांना धूर मानवतो असा नाही. तिथं एकूण मृत्यू जास्तच आहेत. पण पहिल्या पायऱ्या चढतानाच घात जास्त होतो, वर वर गेल्यावर प्रत्येक पायरीची भर कमी होत जाते. आमटीत पहिला चमचा तिखट किती झोंबतं, सातवा चमचा तेवढा वेगळा कळत नाही, तसं काहीसं.

आता विचार करा. आपण गावाकडच्या बायका आजवर काय म्हणत आलो? ‘दिल्लीची हवा वाईट, मुंबईची वाईट, आमच्याकडं मोकळी हवा.’ पुण्या-मुंबईची नातवंडं सुट्टीला आली की आपण हेच ऐकवतो. आणि हिशेब सांगतो आहे की मोकळ्या हवेत राहणाऱ्यालाच थोडासा वाढलेला धूर जास्त नडू शकतो.

आपल्या सरकारी नियमानुसार २४ तासांसाठी या कणांची मर्यादा आहे ६० मायक्रोग्रॅम, २००९ सालापासून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा आहे १५. म्हणजे ५५ वर हवा असली तर आपल्याकडं कागदावर सगळं ठीक, आणि दहा शहरांचा अभ्यास म्हणतो की ६० च्या खालीही मृत्यू वाढत असतात.

एक कच्चा हिशेब मी केला. हा अभ्यास नव्हे, माझी दुधाच्या वहीतली बेरीज आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार. वर्षाला हजारी सहा मृत्यू धरले तर रोजचे साधारण ६४. हंगामात हवेतले कण नेहमीपेक्षा वीस मायक्रोग्रॅमनं वाढले असं धरू, आणि दहाला १.४२ टक्के हा दर लावू. उत्तर येतं, दिवसाला जवळपास दोन माणसं जादा. जिल्ह्याच्या एवढ्या गावांत रोज दोन. कुठल्याच गावाला ती दिसणार नाहीत. आज गडहिंग्लजकडं एक, उद्या पन्हाळ्याकडं एक. त्या घरचे म्हणणार थंडी बाधली, बीपीची गोळी चुकली, वेळ आली होती. मळीचा टँकर उलटून दोघं गेले तर पेपरात फोटो येतो, आणि हे दोघं रोज गेले तरी येत नाही.

‘पिकलं पान होतं’ याचं काय? हा प्रश्न अभ्यास करणाऱ्यांनाही पडला होता. धुरानं जाणारी माणसं दोन-चार दिवसांत जाणारच होती, धुरानं नुसती तारीख अलीकडं ओढली, असं असेल तर धुराच्या लाटेनंतरच्या दिवसांत मृत्यू कमी व्हायला हवेत. कारण जाणारी आधीच गेली. युरोपातल्या दहा शहरांत चाळीस दिवसांपर्यंत माग काढून बघितला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. खड्डा काही पडला नाही. उलट चाळीस दिवसांचा मिळून परिणाम आधीच्या हिशेबाच्या दुपटीहून जास्त निघाला. म्हणजे दोन-चार दिवस नव्हे, अजून काही महिने, वर्षं जगली असती अशी माणसं त्यात होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आत्तींनी संक्रांतीला नव्या नातसुनेला बोरन्हाणाचं सामान आणायला सांगितलं होतं.

मग आत्ती धुरानं गेल्या का? हे कोणी सांगू शकत नाही. हा हिशेब हजारांचा असतो, एकाचा नसतो. शंभर दिवसांत किती जादा गेले ते तो सांगतो, त्यातली कोणती फुली जादाची, ते सांगू शकत नाही. मी त्यावर बरेच दिवस अडून बसले होते. त्या बीपीनं गेल्या, वयानं गेल्या, थंडीनं गेल्या, की मी आदल्या रात्री बंबाजवळ जळण रचून ठेवलं होतं त्यानं? मग कळलं की हा प्रश्नच असा विचारायचा नसतो. आधीच तोलावर उभ्या असलेल्या माणसाला धक्का कुणी दिला हे विचारताना, धक्का देणारे चार असू शकतात.

सरकारही याच फटीत उभं राहतं, हे मला खटकतं. संसदेत प्रदूषणानं होणाऱ्या मृत्यूंचा प्रश्न आला की एकाहून अधिक वेळा उत्तर मिळालं आहे की, केवळ हवेच्या प्रदूषणामुळंच मृत्यू झाला असा थेट संबंध दाखवणारी ठाम आकडेवारी देशात नाही. ‘केवळ’ हा शब्द बघा. केवळ धुरानं कोण मरतं? केवळ गरिबीनं तरी कोण मरतं? दाखल्यावर ‘गरिबी’ लिहिलेली कधी बघितली आहे का?

२०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवा सलग मर्यादेबाहेर असलेल्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आणि सांगलीही आहेत. पैसा आला. पण सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं २०२४ मध्ये देशभराचा ताळा काढला, तेव्हा खर्चातला सुमारे ६४ टक्के वाटा रस्त्यावरच्या धुळीवर गेलेला निघाला. रस्ते झाडणं, पाणी मारणं, डांबरीकरण. जाळण्या-पेटवण्याच्या वाट्याला साडेचौदा टक्के. धूळ वाईटच, पण ती जाड असते. आत शिरणारा कण जळण्यातून येतो. आणि सगळी योजना शहरांची. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात, दाभोळकर कॉर्नरला, महाद्वार रोडला हवा मोजतात. आमच्यासारख्या गावांतली हवा ही मोजण्यासारखी गोष्ट आहे असंच कुणाला वाटत नाही. वास्तविक दहा शहरांच्या अभ्यासात उपग्रह, हवामान आणि मोजणी केंद्रं यांची सांगड घालून रोजचा आकडा काढला होता. शहरांसाठी जमतं, तर तालुक्यांसाठी का जमू नये? मृत्यूची नोंद तर १९६९ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत होतेच, एकवीस दिवसांच्या आत. दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवायच्या, एवढंच काम आहे.

धूर हा बायकांचा विषय आहे असं मी म्हणते तेव्हा घरातले पुरुष हसतात. पण बघा ना. चूल आपण पेटवतो, बंब आपण पेटवतो, परड्यातला केर आपण जाळतो. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस घरात आला. पण किती घरांत गॅसवर फक्त चहा आणि पाहुण्यांची भाजी होते? भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी बंबावर. कारण जळण रानातलं फुकट, आणि सिलिंडरला रोख पैसे लागतात. त्यात बाईला दोष देण्यासारखं काही नाही. तिचा वेळ आणि तिचं फुप्फुस हिशेबात धरलं जात नाही, एवढीच त्यातली लबाडी आहे.

आमच्या कोल्हापुरात होळीला ‘शेणी दान’ करतात. होळी लहान करायची आणि शेणी स्मशानभूमीला द्यायच्या. अंत्यसंस्काराला तिथं शेणीच लागतात. कार्यकर्त्यांनी सांगितलं, लोकांना पटलं, आणि ढीगच्या ढीग शेणी जमायला लागल्या. शेकडो वर्षांची होळी लहान करायला जी माणसं तयार झाली, ती रानातला पाला पेटवणं सोडणार नाहीत असं मला वाटत नाही. पाला सरीत कुजवला तर जमिनीचा कस वाढतो, पाणी कमी लागतं, हे शेतीखातं किती वर्षं सांगतं आहे. आमच्या घरात मालकांनी दोन वर्षं पाला पेटवला नाही. पहिल्या वर्षी कुरकुर फार केली. उंदीर होतात, खोडवा फुटत नाही. दुसऱ्या वर्षी गप्प बसले. खोडवा बरा आला असावा.

बंबाचं मात्र माझ्यावर आलं. सोलरला पैसे भरायचे की पोरीची फी, यात फी जिंकली. मग मधला मार्ग काढला. बंब दारातून हलवून परड्याच्या टोकाला नेला, जिथून धूर घरात येत नाही. प्लॅस्टिक बंद. चिपाडं वाळवून घ्यायची, कारण ओल्या जळणाचा धूर दुप्पट. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगून ठेवलं की धुकं आणि धूर खाली बसलेला असेल त्या दिवशी पहाटेचं फिरणं नको, ऊन वर आल्यावर जा. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळं धुरावर झाकण बसल्यासारखं होतं. ऊन तापलं की ते झाकण उघडतं. त्यांनी हे ऐकलं, पण ऐकतात किती हा प्रश्नच आहे. साडेपाचला त्यांची काठी वाजतेच. बीपीची गोळी मात्र चुकू देत नाही मी.

जाऊ म्हणते, ‘ताई, तुमचं हे खूळ म्हणजे आत्ती गेल्याचं दुःखच हाय, दुसरं काय न्हाई.’ असेलही. पण शेकायला आता ती बंबाजवळ बसत नाही, तिच्या नातवाला तर अजिबात बसू देत नाही, हे मी बघते.

यंदाच्या कॅलेंडरवर मी एक नवी खूण सुरू केली आहे. ज्या दिवशी सकाळी डोळे चुरचुरतात, गल्लीच्या टोकाचं देऊळ दिसत नाही, त्या दिवशी दुधाच्या आकड्याखाली बारीक ‘धू’ लिहायचं. पुतणी म्हणाली, याचाही उपयोग नाही, डोळ्यांवर भरवसा कसला, यंत्र पाहिजे. म्हटलं, यंत्र येईल तेव्हा येईल, तोपर्यंत लिहिते. परवा डेअरीचा पोरगा महिन्याचा हिशेब जुळवायला आला होता. नोव्हेंबरचं पान त्यानं खालवर बघितलं आणि विचारलं, ‘काकी, हे धू म्हंजे काय? धुणं? महिन्यात नऊच दिवस धुताय व्हय?’